शॅकलफर्ड बँक्स (नॉर्थ कॅरोलायना): एका दिवसाची सहल, भरती-ओहोटी, फेरी आणि सामान

मृण्मयी_र (धागाकर्ती)

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रालीहून एका दिवसासाठी शॅकलफर्ड बँक्सला जायचं ठरतंय. आम्ही सहा जण: चार मोठी माणसं (त्यात एक आजी, वय ६८, गुडघ्याचा त्रास) आणि ७ आणि १० वर्षांची दोन मुलं. बेटावर पूल, दुकान, पाणी, सावली यांतलं काहीच नाही एवढं कळलंय. किती वाजता निघायचं, काय न्यायचं, मुलांना पाण्यात कुठे सोडायचं, जंगली घोडे हमखास दिसतात का? पहिल्यांदाच जातोय, त्यामुळे बारीकसारीकही सांगा.

खारावारा

आधी एक निर्णय घ्या, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. केप लुकआउट नॅशनल सीशोर या सरकारी संरक्षित किनाऱ्यात नॉर्थ कोअर बँक्स, साउथ कोअर बँक्स आणि शॅकलफर्ड असे मुख्य भाग येतात. मिळून ५६ मैलांचा किनारा, आणि एकाही बेटावर पूल नाही. दिवसभराच्या सहलीसाठी खरे पर्याय दोनच: शॅकलफर्ड किंवा साउथ कोअरवरची दीपगृहाची बाजू.

दीपगृहाकडे स्वच्छतागृह आहे, छप्पर असलेली बसायची जागा आहे, आणि धक्क्यापासून समुद्राच्या बाजूला जायला लाकडी फळ्यांची वाट आहे. शॅकलफर्डवर बोट उथळ पाण्यात वाळूला टेकवतात. तिथून घोट्या-गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरायचं आणि सामान घेऊन भुसभुशीत वाळूतून बेट ओलांडायचं. गुडघ्याचा त्रास असलेल्या आजींसाठी मी दीपगृहच सुचवेन. मात्र जंगली घोडे फक्त शॅकलफर्डवर आहेत, दीपगृहाच्या बाजूला नाहीत. मुलांना घोडे बघायचे असतील तर हे आधीच सांगून टाका.

दुसरी गोष्ट: बेत परतीपासून उलटा मांडा. शेवटची फेरी किती वाजता आहे ते त्या दिवसासाठी फोन करून विचारा, वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. त्याच्या आधीची फेरी ही तुमची खरी फेरी समजा आणि शेवटची राखीव ठेवा. ठरलेल्या फेरीच्या अर्धा तास आधी उतरण्याच्या जागी पोचायचं, आवराआवरीला पाऊण तास, वाळूतून परत चालायला अर्धा तास. म्हणजे चारची फेरी असेल तर सव्वादोनला तंबू उतरवायला घ्यायचा. हा आकडा आधी कागदावर लिहा, मग सकाळी कितीला निघायचं ते आपोआप ठरतं. रालीहून किनाऱ्यापर्यंत तीन तास धरा. शनिवार-रविवार असेल तर पार्किंगसाठी आणखी पाऊण तास.

फेऱ्या ब्यूफर्ट आणि हार्कर्स आयलंड या दोन ठिकाणांहून सुटतात. ब्यूफर्टहून शॅकलफर्डचं पश्चिम टोक जवळ, हार्कर्स आयलंडहून दीपगृह आणि शॅकलफर्डचं पूर्व टोक. परतताना कुठे उभं राहायचं ते उतरतानाच बोटवाल्याला विचारा आणि फोनमध्ये ती जागा नोंदवून ठेवा. बेट नऊ मैल लांब आहे आणि मागची बाजू सगळीकडे सारखीच दिसते.

सीशोरमध्ये प्रवेशशुल्क नाही. पैसे लागतात ते फेरीचे. जागा आधी राखून ठेवा.

भांगाचंपाणी

भरती-ओहोटीचं कोणी लिहिलं नाही अजून, आणि सगळा दिवस तिच्यावरच बेतलेला असतो.

ब्यूफर्टच्या ड्यूक मरीन लॅबला नोआचं (अमेरिकेची समुद्र-हवामान संस्था) भरतीमापन केंद्र आहे, त्याचं कोष्टक घ्या. भरती-ओहोटीतला सरासरी फरक तिथे साधारण ३ फूट. उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास) जास्त, भांगाला कमी. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं, म्हणून रोजची वेळ साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. परवाचं कोष्टक पाहून आजचा बेत करू नका. हे केंद्र इनलेटच्या (दोन बेटांमधलं समुद्राचं अरुंद तोंड) आत आहे. उघड्या समुद्राकडे भरती थोडी आधी येते, आत सरकत जाल तसा उशीर वाढतो.

पाणी एका गतीने चढत नाही. ओहोटी ते भरती हे सहा तास धरले तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. तीन फुटांचा चढ असेल तर पहिल्या तासात फक्त ३ इंच आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी ९ इंच, म्हणजे तासाला एक वीत. आता पुळणीचा उतार पन्नासाला एक असेल तर वीतभर पाणी चढलं की पाण्याची कड साडेसदतीस फूट पुढे येते.

उदाहरण म्हणून ओहोटीचा नीचांक दुपारी १२:४० धरा. अडीच ते साडेचार या वेळात पाणी सर्वांत वेगाने चढणार, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही आवरत असणार. साडेबाराला पाण्यापासून ‘चांगलं लांब’ ठेवलेलं सामान तीनला भिजतं ते यामुळे. पुळणीवर सुकलेल्या गवताची आणि काटक्यांची एक रेघ दिसते, ती आधीच्या भरतीची खूण. तंबू तिच्या वरच्या बाजूला, दहा पावलं सोडून. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, म्हणून अगदी रेघेवर नको.

दुपारी ओहोटी येणारा दिवस मिळाला तर तो निवडा. शंख-शिंपल्यांसाठी आणि चालण्यासाठी ओली, घट्ट वाळू भरपूर मिळते.

मृण्मयी_र

फार उपयोगी पडलं. आजींशी बोलून जागा ठरवते. दोन शंका: माणशी चार लिटर पाणी न्यावं म्हणतात, ते खरंच लागतं का? आणि पॉप-अप कॅनोपी (घडीचा, चार पायांचा सावलीचा तंबू) चालेल का?

सामानसुमान

चार लिटर खरंच लागतं. सहा जणांना २४ लिटर, म्हणजे २४ किलो. यावर काटछाट करावीशी वाटते, पण करू नका. बेटावर पिण्याचं पाणी विकत मिळत नाही की नळाला येत नाही. फेरी रद्द झाली तर हेच पाणी पुरवावं लागतं. निम्म्या बाटल्या आदल्या रात्री गोठवा, मात्र गळ्यापर्यंत भरू नका, पाचवा हिस्सा रिकामा ठेवा. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि झाकणाजवळ बाटली तडकते. या बाटल्याच कूलरमधला बर्फ होतात, वेगळं वजन वाहावं लागत नाही. मोठा गोळा चुऱ्यापेक्षा जास्त टिकतो. कूलर दोन ठेवा: पेयांचा सतत उघडला जातो, खाण्याचा दोनदाच. एकच ठेवला की दुपारी दोनला दहीभात कोमट झालेला असतो. काचेच्या बरण्या नकोत. वाळूत फुटलेली काच गोळा होत नाही.

साध्या चाकांची गाडी भुसभुशीत वाळूत रुततेच. रुंद फुगीर चाकांची घ्या आणि हवा कमी ठेवा. ढकलायची नाही, ओढायची. पुढचं चाक वाळूत घुसत जातं म्हणून ढकलताना गाडी नांगरासारखी अडते. जड वस्तू मागच्या आसावर. फेरीवर कोणत्या मापाची गाडी चालते ते आधी विचारा.

कॅनोपीबद्दल: जूनमध्ये तिथे नैर्ऋत्येचा वारा असतो आणि दुपारी वाढतो. कॅनोपीबरोबर येणारे लोखंडी खुंटे गवतासाठी असतात. कोरडी वाळू त्यांना धरत नाही, एका झोताला उपसून येतात. चार रिकाम्या कापडी पिशव्या न्या. प्रत्येकीत वाळू भरून तोंड बांधा, दोर बांधून दीड फूट खोल पुरा आणि वर वाळू दाबून बसवा. दोर जमिनीशी ४५ अंशांत. पिशवी नुसती वर ठेवली तर वारा तिला ओढत नेतो, पुरली तर तिच्यावरची सगळी वाळू वजन म्हणून कामाला येते. छप्पर पूर्ण उंचीवर नेऊ नका. वाऱ्याच्या बाजूचे पाय एक खाच खाली ठेवा म्हणजे वारा खाली शिरत नाही. वारा ताशी २० मैलांच्या पुढे गेला तर उतरवून ठेवायची, तिथे हट्ट नको.

छत्री असेल तर दांडा गोल फिरवत आणि मागेपुढे हलवत दोन फूट आत घाला, आणि कापड वाऱ्याकडे झुकलेलं ठेवा. उलट्या बाजूने झुकवलेली छत्री वारा खालून पकडतो आणि ती भाल्यासारखी उडते. शेजाऱ्यांना लागून जखमा होतात त्या यानेच.

सावलीत बसूनही माणूस भाजतो, हे बरेच जण विसरतात. कोरडी वाळू अतिनील किरणांचा सुमारे १५ टक्के भाग परत फेकते, समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळी साधारण ३० मिली क्रीम लागतं आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. सहा जणांना दिवसभर पुरवायचं तर बाटल्याच बाटल्या. त्यापेक्षा मुलांना पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे, मानेवर पडणारं कापड असलेली टोपी, आणि क्रीम फक्त चेहरा, हात-पाय आणि पावलांच्या वरच्या बाजूला.

लाटवेध

मुलांच्या पाण्याबद्दल. केप लुकआउटच्या पुळणींवर जीवरक्षक नसतात. एक मोठं माणूस फक्त पाण्याकडे बघायला, हातात फोन नाही, वीस-वीस मिनिटांची पाळी. मुलगा आणि खोल पाणी यांच्या मध्ये आणखी एक जण, कमरेएवढ्या पाण्यात.

सकाळी निघताना हवामान खात्याच्या न्यूपोर्ट-मोरहेड सिटी कार्यालयाचा किनारी लाटांचा अंदाज वाचा, त्यात रिप करंटचा (किनाऱ्यापासून समुद्राकडे नेणारी पाण्याची ओढ) धोका कमी, मध्यम, जास्त असा दिलेला असतो. ‘जास्त’ असेल तर समुद्राच्या बाजूला गुडघ्यापलीकडे कोणीच नाही. ‘मध्यम’लाही लहान मुलांना ‘जास्त’ समजा.

डोळ्यांनी ओळखायचं असं: लाटा ओळीने फुटत आल्या आहेत आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद, न फुटणारा दिसतो. पोहायला सोपा वाटतो, आणि तोच ओढ आहे. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी वाळूच्या दांड्यातल्या त्या खिंडीतून परत जात असतं. फेस किंवा काटकी त्या पट्ट्यातून समुद्राकडे सरकताना दिसते. पाच मिनिटं उंचवट्यावर उभं राहून बघा, मग जागा निवडा. ओहोटीच्या आसपास दांडे उघडे पडतात आणि ओढ बहुधा वाढते, तेव्हा सकाळी सुरक्षित दिसलेली जागा दुपारी पुन्हा तपासा. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही. तरंगायचं, हात हलवायचा, आणि जमेल तेव्हा किनाऱ्याला समांतर सरकायचं.

बेटाच्या दोन्ही टोकांना पोहू नका. पश्चिमेला ब्यूफर्ट इनलेट, पूर्वेला बार्डन इनलेट. भरती-ओहोटीचं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून आतबाहेर होतं. (बार्डन इनलेट १९३३ च्या चक्रीवादळात फुटलं.)

वीज: गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आत नाही. शॅकलफर्डवर विजेपासून वाचवेल अशी एकही जागा नाही. धातूच्या दांड्यांची कॅनोपी तर सर्वांत वाईट. दुपारच्या वादळाचा अंदाज ठळक असेल तर सकाळची सहल करून एकच्या बोटीने परत या, नाहीतर दिवस बदला.

मुलांचेबाबा

समुद्रापेक्षा मागच्या बाजूला, म्हणजे साउंडमध्ये (बेट आणि मुख्य जमीन यांच्यामधलं पाणी), मुलांना सोडणं बरं नाही का? लाटा नाहीत, पाणी उथळ.

लाटवेध

बरं आहे, पण तीन गोष्टी बघून. एक, इनलेटपासून लांब. दोन, कालवांचे खडक. धार ब्लेडसारखी असते आणि गढूळ पाण्यात दिसत नाहीत. साध्या चपला निघून जातात, मागे पट्टा असलेले बंद बूट हवेत. कापलं तर लगेच पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने धुवा. कोमट, निमखाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात. कोणाला आधीच उघडी जखम असेल किंवा यकृताचा आजार असेल तर त्यांनी साउंडच्या पाण्यात उतरूच नये.

तीन, पाकट. वाळूत अर्धा पुरून बसलेला असतो, वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूवरून घासत न्यायचं. चाहूल लागली की तो स्वतःच पळतो. एक लिटरच्या थर्मासमध्ये गरम पाणी न्या. काटा लागला तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश, पाय बुडवला की वेदना उतरते. आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने पाणी तपासायचं. काटा खोल रुतला असेल तर उपसायचा नाही, थेट ९११. जेलीफिशला गोडं पाणी लावू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि धागे चिमट्याने काढा.

शिंपलेवाली

शंखांचं माझ्याकडे. तिथे माणशी दिवसाला दोन गॅलनपर्यंत (साडेसात लिटरच्या आसपास) रिकामे शंख-शिंपले नेता येतात. जिवंत प्राणी आत असेल तर नाही. मुलांना ओळखायला शिकवा: शंख समुद्राच्या पाण्याने भरलेल्या डब्यात पाच मिनिटं ठेवायचा. तोंडाशी पाय किंवा झाकण हललं, किंवा खेकड्याच्या मिशा बाहेर आल्या, की परत ठेवायचा. सँड डॉलर तपकिरी असेल आणि हातावर ठेवल्यावर बारीक केसांसारखे काटे सुळसुळत असतील तर तो जिवंत आहे. पांढरा, गुळगुळीत असेल तर मेलेला. जिवंत सँड डॉलर हात उघडा ठेवून पाण्याखाली सोडायचा, फेकायचा नाही.

स्कॉच बॉनेट हा १९६५ पासून राज्याचा शंख आहे. आख्खा मिळणं अवघड. ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर एक तास, पाण्याच्या कडेने, शंखांचा चुरा पडलेल्या पट्ट्यात शोधा. गोळा केलेलं जाळीच्या पिशवीत ठेवा म्हणजे वाळू गळून जाते.

रानवाट

घोडे शंभराहून जास्त आहेत, तरी ‘हमखास’ म्हणू नका. बेट लांब आहे आणि ते दुपारच्या उन्हात झाडीत किंवा खाजणात असतात. सकाळी साउंडच्या बाजूला दिसण्याची शक्यता बरी. अंतर ५० फूट. घोडा स्वतः जवळ आला तरी मागे सरायचं तुम्ही. दोन घोड्यांच्या मध्ये जायचं नाही, विशेषतः शिंगरू आणि घोडीच्या. शिंगरू गोड दिसतं म्हणून मुलं धावतात, तेव्हा हात धरून ठेवा. खायला घालणं बंद आहे, आणि सफरचंदाची साल टाकणंही त्यातच आलं. पुळणीवर कुठे उकरलेला खड्डा आणि त्यात पाणी दिसलं तर तो घोड्यांचा विहिरा. गोडं पाणी हलकं असल्याने वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगतं, ते उकरून काढतात. त्यात पाय धुऊ नका.

एप्रिल ते ऑगस्ट पक्ष्यांची घरटी असतात, दोरी आणि पाट्या लावलेल्या असतात. अंडी वाळूच्याच रंगाची असतात, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. कुत्रा नेणार असाल तर सहा फुटांची दोरी सतत. ड्रोन नाही. मुलांनी खणलेले खड्डे निघताना बुजवा, रात्री अंडी घालायला येणारी कासवं त्यात अडकतात. वाळूच्या टेकड्यांवरून घसरगुंडी नको. तिथलं गवतच बेट धरून ठेवतं.

डास आणि गोचिड्या झाडीत आणि उंच गवतात. पुळणीवर वारा असेपर्यंत त्रास नाही. वारा पडला, किंवा जमिनीकडून मंद वाहू लागला, की चावऱ्या माश्या पुळणीवर येतात. मोजे, लांब पँट आणि परतल्यावर मुलांच्या केसांची मुळं, काखा, गुडघ्यामागची बाजू तपासणं. सँडस्पर नावाचं काटेरी गवत अनवाणी पायात घुसतं, म्हणून चिमटा.

कचराकुंडी नाही. जे नेलं ते परत, फळांच्या सालींसकट. दोन जाड पिशव्या, ओली वेगळी.

नांगरपट्टी

स्वतःची बोट आणणाऱ्यांसाठी थोडक्यात. साउंडमधले दांडे सरकत असतात, नकाशावर दिसणारी खोली आज असेलच असं नाही. बोयांवर (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांवर) विश्वास ठेवा, आणि पाण्याचा रंग फिकट तपकिरी झाला की वेग उतरवा. उतरत्या पाण्यात बोट वाळूवर चढवून ठेवली तर ती तिथेच बसते, पुन्हा तरंगायला कित्येक तास जातात. पुढचा नांगर खोल पाण्याकडे, मागचा किनाऱ्याकडे, दोर खोलीच्या पाचपट ते सातपट. खोली मोजताना भरतीची तीन फूट धरायला विसरू नका. बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ ऐकत राहा. मोबाइलचं सिग्नल बेटावर भरवशाचं नाही.

कयाकने पहिल्यांदाच येणाऱ्यांनी बार्डन इनलेट ओलांडायचा विचारच करू नये. ओहोटीची ओढ आणि समोरून नैर्ऋत्येचा वारा भिडले की लाटा उभ्या राहतात.

मृण्मयी_र

ठरलं. आजींसाठी दीपगृहाची बाजू. घोडे वाटेत बोटीतून दिसले तर बघू, मुलांना तसं सांगितलंय. हार्कर्स आयलंडहून सकाळची पहिली फेरी, परतीला साडेतीनची किंवा तिच्या जवळची, शेवटची राखीव. घरून पहाटे साडेपाचला. ओहोटी बाराच्या सुमारास असलेला दिवस निवडतेय. पाणी २४ लिटर, निम्मं गोठवलेलं. चार पिशव्या कॅनोपीसाठी. दीपगृहावर चढता येईल का?

खारावारा

चढणं २०२१ मध्ये बंद केलं आहे, ते बेतात धरू नका. बाहेरून बघा. १८५९ चं, १६३ फूट उंच. काळे चौकोन उत्तर-दक्षिण आणि पांढरे पूर्व-पश्चिम तोंडाने रंगवले आहेत, त्यामुळे मुलं नुसत्या दीपगृहावरून दिशा सांगू शकतील.

दोन दुरुस्त्या. साडेतीनची फेरी पकडायची तर वरच्या हिशोबाने पावणेदोनला आवरायला घ्यावं लागेल. बाराची ओहोटी तरीही चालेल, शंख शोधायला ओहोटीनंतरचा तासही पुरा मिळेल. आणि आजींसाठी पाठ असलेली, जमिनीपासून दीड फूट उंच खुर्ची घ्या. पुळणीवरच्या बुटक्या खुर्चीतून दुखऱ्या गुडघ्याने उठता येत नाही. खुर्चीच्या पायांखाली टेनिसचे चेंडू कापून बसवा, वाळूत रुतत नाही.

भांगाचंपाणी

आदल्या रात्री आणि पहाटे निघताना असे दोनदा फेरीवाल्यांना फोन करा. वारा जास्त असेल तर फेऱ्या थांबतात, आणि ते तीन तास गाडी चालवल्यावर धक्क्यावर कळण्यापेक्षा पहाटे पाचला घरी कळलेलं बरं.